पप्पा कशाला हसला

लिबोरियोने कॅमेऱ्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि मम्माने मान फिरवली. आग्रिजेंतोच्या देवळासमोर, भर उन्हात, सकाळपासून हेच चाललं होतं. डोक्यावरचा रुमाल नीट करायचा, पर्स पोटाशी घट्ट धरायची, चांगलं ताठ उभं राहायचं, आणि नेमकं त्या वेळी लिबोरियोच्या डाव्या हाताला कुठंतरी लांब बघायचं. त्यानेही दोनदा वळून पाहिलं. तिकडे बदामाची झाडं होती, बस.

"माझ्याकडे बघ, मम्मा."

ती बघायची. पण बघायची ती दात उपटून घ्यायला आल्यासारखी. लिबोरियो तरी फोटो काढायचा, मग ती हळूहळू चालत यायची, कॅमेऱ्याच्या पाठीवर आपला चेहरा बघायची आणि म्हणायची, "नको. पुढं चला."

पुढं म्हणजे कुठं, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. काल मोझाइकच्या फरश्यांच्या त्या रोमन हवेलीत तर ती गाडीतून उतरलीच नव्हती. काचेतून बघून म्हणाली होती, इथं खांब कुठायत? आज खांब होते, चांगले आभाळाला भिडलेले, तरी नको. लिबोरियोने पंचेचाळिशी गाठेपर्यंत निम्म्या गावाच्या लग्नांचे फोटो काढले होते. रुसलेल्या नवऱ्या हसवल्या होत्या, प्यायलेले सासरे उभे केले होते. पण सख्ख्या आईपुढे त्याने हात टेकले होते.

आणि फोटो मिळणं तर भाग होतं. मम्माच्या हृदयाची एक झडप नासली होती. ईस्टरच्या आधी कातानियाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, सप्टेंबरात ऑपरेशन करा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्याचं आमच्याकडून काही वदवून घेऊ नका. मम्माने दोन महिने तोंडाला कुलूप लावलं. मग जूनमध्ये एका रविवारी, मकरोनी वाढता वाढता, तिने अट घातली. तुम्ही तिघांनीच, नवरे-बायका-पोरं कुणी नको, मला गाडीतनं जुनी देवळं दाखवायला न्यायचं. लिबोरियोने माझा फोटो काढायचा. मनासारखा आला तर मी ऑपरेशनला जाईन. नाही आला तर जे व्हायचं ते माझ्या बिछान्यात होईल.

फोटो कशाला हवा, हे विचारायची गरज नव्हती. त्यांच्या गावात शहाण्या बायका थडग्यावरचा फोटो आपला आपण निवडून ठेवतात. न ठेवला तर मुलं कुणाच्या तरी लग्नातला, तोंडात घास असलेला फोटो लावून मोकळी होतात. लिबोरियोच्या दुकानात पुढच्या खोलीत लग्नं आणि मागच्या खोलीत हेच काम. चिनीमातीच्या लंबगोल तबकडीवर फोटो भाजून घ्यायचा, कडेला सोनेरी रेघ. पप्पाच्या दगडावर अशी तबकडी चाळीस वर्षं होती, आणि तिच्या उजव्या बाजूला तेवढीच एक जागा कोरून रिकामी ठेवलेली होती. मम्मा दर रविवारी पप्पाला पुसायची आणि मग ती रिकामी जागाही पुसायची.

गाडीत बसल्या बसल्या अल्फियोने तोंड उघडलं. तिघांत धाकटा, जर्मनीत मोटारींच्या कारखान्यात फोरमन, गाडी त्याचीच. तो म्हणाला की हृदयाचं नंतर बघू, आधी डोक्याच्या डॉक्टरला दाखवू. बाई फोटो काढा म्हणते आणि फोटोत बघत नाही, ह्याला काय म्हणायचं? मम्मा मागे झोपली होती, निदान डोळे मिटून होती.

"तू वर्षातनं दोनदा येणार, आणि डोकं कुणाचं फिरलंय ते तू ठरवणार," सांतिना म्हणाली.

ती थोरली. मम्माच्या खालच्या मजल्यावर राहायची. गोळ्या, पथ्य, पाय चेपणं, सगळं तिच्या गळ्यात. ऑपरेशन व्हावं असं दोघा भावांना वाटत होतं. सांतिना तोंडाने हो म्हणायची, पण दर वेळी मम्माने फोटो नाकारला की तिच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसायचं. लिबोरियोच्या ते काल लक्षात आलं होतं आणि त्याला तिचा राग आला होता. आज मात्र राग कुणाचा करावा तेच कळेना.

संध्याकाळी समुद्राकाठच्या एका खाणावळीत त्याने शहाणपणा केला. पदार्थ यायला वेळ होता, तेवढ्यात त्याने लॅपटॉप उघडला आणि दिवसभरातला त्यातल्या त्यात बरा फोटो घेतला. मम्माच्या कपाळावरच्या आठ्या पुसल्या, गळ्याची लोंबती कातडी घट्ट केली, डोळ्यांखालची काळजी काढून टाकली. दुकानात हे काम तो रोज करायचा. मेलेल्यांना दहा वर्षं तरुण करून दिलं की नातेवाईक खूश होतात. त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

मम्माने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"ही कोण?"

"तूच गं."

"मी नाही. ही माझ्या मावशीची पोरगी दिसते. ती जिने जन्मात कधी भांडं घासलं नाही."

अल्फियोला हसू आवरेना. सांतिनाही हसली, आणि मग दोघांचं एकदम एकमत झालं की चूक लिबोरियोचीच आहे. एवढा धंदेवाईक फोटोग्राफर आणि आईचा एक फोटो धड काढता येत नाही. दुपारी एकमेकांच्या झिंज्या धरणारे भाऊबहीण आता वांग्याची बशी एकमेकांकडे सरकवत त्याची फिरकी घेत होते. लिबोरियोचा तिळपापड झाला. त्याने सांगून पाहिलं की फोटोला चेहरा समोर लागतो, डोळे समोर लागतात. त्याचे उस्ताद डॉन सारो म्हणायचे, मेलेल्या माणसाने भेटायला आलेल्याकडे सरळ बघावं, नाहीतर फुलं घेऊन आलेल्याला परकं वाटतं.

"तुझा बाप कुठं सरळ बघतो?" मम्मा म्हणाली आणि जेवायला लागली.

खरं होतं ते. अख्ख्या दफनभूमीत तो नियम मोडणारा एकच माणूस होता, त्यांचा पप्पा. नुनत्सियो. संत्र्यांची तीनचाकी चालवायचा, एका उतारावर ब्रेक लागले नाहीत आणि छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याचा एकच बरा फोटो होता, तोच डॉन सारोंनी तबकडीवर घेतला. पण त्यात पप्पाची मान डावीकडे वळलेली, आणि तो तोंडभर हसत होता. म्हणजे दगडावर बायकोच्या जागेकडे पाठ आणि हसू भलतीकडेच. गावाच्या जिभेला हाड कुठलं. कुणाकडे बघून हसतोय गं तुझा बाप, म्हणून शाळेत एका पोरीने विचारलं होतं, तेव्हा सांतिनाने तिची वेणी उपटली होती. घरात मात्र ह्यावर चाळीस वर्षांत चकार शब्द निघाला नव्हता. आज मम्माने तो विषय असा मिठासारखा सहज पुढे सरकवला.

पुढचा दिवस शेवटचा. अल्फियोचं पालेर्मोहून रात्रीचं जहाज होतं, त्याआधी सगळ्यांना घरी सोडायचं होतं. सेलिनुन्तेचं देऊळ बघायचं आणि माघारी फिरायचं, असं गाडीतच ठरलं. मम्माचे ओठ जरासे निळे दिसत होते. सांतिनाने ते आरशात पाहिलं आणि लिबोरियोनेही.

सेलिनुन्तेला वारं सुटलं होतं, आफ्रिकेकडून येणारं, तोंडात रेती भरणारं. मम्मा देवळासमोर उभी राहिली. लिबोरियोने कॅमेरा डोळ्याला लावला, लांबचं भिंग होतं, आणि त्या भिंगातून त्याने पाहिलं की तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. ते हातात धरून ती आधी त्या वस्तूकडे बघत होती, मग खांबांकडे, मग पुन्हा हातात. मग तिने तीच ती मान फिरवली. तिकडे समुद्र होता. तिचा चेहरा पडला.

तो चालत तिच्याजवळ गेला. "काय आहे ते?"

"काही नाही. देवमातेचं चित्र आहे."

"दाखव की."

तिने मूठ आवळली. त्याने जबरदस्ती केली नाही, नुसता हात पुढे धरून उभा राहिला, लहानपणी खाऊ मागायचा तसा. शेवटी तिने दिलं. ती एक तबकडी होती, मधोमध तडकलेली. तिच्यावर पप्पा. डॉन सारोंची पहिली तबकडी भट्टीत तडकली होती, दुसरी दगडावर बसवली. ही फेकून दिली असणार असं लिबोरियोला वाटायचं. म्हणजे चाळीस वर्षं ही हिच्याकडे होती.

तोपर्यंत दोघं येऊन पोचले होते. मम्मा एका पडलेल्या खांबाच्या तुकड्यावर बसली. तिला धाप लागली होती, तरी ती बोलली. आता बोलल्याशिवाय सुटका नव्हती.

लग्नानंतर पप्पाने तिला त्या संत्र्यांच्या तीनचाकीतून फिरायला नेलं होतं. पाद्रीबाबांनी कॅमेरा उसना दिला होता. दिवसभर ऊन, रस्ताभर धूळ, आणि देवळंच देवळं. कुठल्या तरी एका देवळापाशी पप्पा बसला, ती समोर उभी राहिली आणि तिने तो फोटो काढला. अख्ख्या रोलमधला तेवढाच धड निघाला. फोटो काढतानाच त्याने एकदम मान वळवली आणि तो हसला.

"म्हणजे तो तुझ्या शेजारी नव्हता, तू समोर होतीस," अल्फियो म्हणाला. तो नीट समजून घ्यायला बघत होता.

"समोरच होते. मी विचारलं, काय झालं हसायला? तर म्हणाला, सांगतो, घरी गेल्यावर सांगतो. मग वाटेत टायर बसला, मग पाऊस, मग घर, मग तुम्ही. राहूनच गेलं. आणि पुढं तो फोटो दगडावर गेला. दर रविवारी मी त्याला पुसते आणि विचारते, कशाला हसलास बाबा? लोक काय काय बोलतात ते मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

तिने लिबोरियोच्या हातातल्या तबकडीकडे बोट केलं.

"तिथं जाऊन, तो बसला होता तिथं बसावं, तो बघत होता तिकडे बघावं, एवढंच होतं," मम्मा म्हणाली. "पण मला देऊळ आठवत नाही. सगळ्यांना खांबच आहेत."

लिबोरियोला वाटलं, आपण किती मूर्ख. दोन दिवस ती बघत होती आणि तो तिला बघू देत नव्हता. ती मान फिरवायची तेव्हाच खरा फोटो होता, आणि तो तिथं थांबून म्हणायचा, माझ्याकडे बघ. पण मनात आणखीही काही गडबडून गेलं होतं. तिला फोटो हवा होता की उत्तर? आणि तिथंही काही नसलं तर?

सांतिनाचं मन आधीच ठरलं होतं. तिने मम्माच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की जाऊ दे आता, उन्हाचा त्रास होतोय तुला, घरी जाऊ. पन्नास वर्षांपूर्वी जे कोण तिथं असेल ते आज थोडंच असणार आहे? बोलणं अगदी बरोबर होतं, म्हणून लिबोरियोला जास्तच राग आला.

"तुला ऑपरेशन व्हायलाच नकोय," तो म्हणाला.

सांतिनाने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "नकोच आहे. टेबलावर गेली तर? इथं निदान माझ्या हातात आहे. तुम्ही दोघं फोन करून विचारणार, कशी आहे. बघत मी असते."

मम्मा पर्सची चेन लावत आणि उघडत बसली होती. अल्फियो घड्याळात बघत होता. लिबोरियो काय करावं ते न कळून हातातल्या तबकडीकडे बघत राहिला. ही तबकडी त्याने जन्मभर पाहिली होती, पण दगडावर, लांबून, हात जोडून. कामासारखी कधी पाहिली नव्हती. आता त्याने ती डोळ्यांजवळ धरली. पप्पाच्या कानामागे करड्या रंगाचा उभा पट्टा होता. स्टुडिओची भिंत असेल असं त्याला वाटायचं. तो खांब होता. खांद्यामागे, पायरीच्या दगडावर एक गाठ होती, मुठीएवढी. त्या गाठीला तो आजवर भट्टीतला डाग समजायचा.

त्याने मान वर करून सेलिनुन्तेच्या खांबांकडे पाहिलं. वरून खालपर्यंत उभ्या पन्हळी कोरलेल्या होत्या. कालच्याही सगळ्या खांबांना पन्हळी होत्या. पप्पाच्या मागचा खांब मात्र सपाट, गुळगुळीत.

"सेजेस्ता," तो म्हणाला. "ते देऊळ अर्धवट सोडलंय. खांब कोरलेच नाहीत. आणि दगड उचलायला ठेवलेल्या ह्या गाठीसुद्धा तासायच्या राहिल्यात. सेजेस्ताच आहे हे."

मम्माने विचारलं, "लांब आहे?"

लिबोरियो अल्फियोकडे बघायला लागला. सेजेस्ता म्हणजे उलट्या दिशेला. तिथं गेलं तर आधी घरी सोडणं जमायचं नाही, आणि जहाज तर नक्कीच चुकणार. अल्फियोने गाडीची किल्ली बोटावर दोनदा फिरवली. मग तो म्हणाला की कारखाना त्याच्यावाचून बंद पडला तर जर्मन लोकांनाही जरा कळेल, आणि पुढे चालायला लागला. सांतिना गाडीत मागे मम्माशेजारी बसली. तिने मम्माच्या मांडीवर पाण्याची बाटली ठेवली आणि वाटभर खिडकीबाहेर बघत राहिली.

सेजेस्ताला वर जायला चढ होता. मम्मा दर थोड्या अंतरावर थांबत होती आणि थांबली की बडीशेपेची वाळकी झुडपं बघत असल्याचं नाटक करत होती. दोघा भावांनी उचलून नेतो म्हटलं तर तिने झिडकारलं. शेवटी सांतिनानेच तिच्या कमरेला हात घातला आणि दोघी एका लयीत चढू लागल्या. इतक्या वर्षांची सवय होती ती. जिने नको म्हटलं होतं तिच्याच आधाराने मम्मा वर पोचली.

देऊळ तिथं एकटंच उभं होतं. खांबांवर छोटे काळे पक्षी ये-जा करत होते. लिबोरियो तबकडी हातात धरून पायऱ्यांच्या कडेने चालत गेला. गाठी पुष्कळ होत्या, पण खांबाची कड आणि गाठ ह्यांचं अंतर एकाच ठिकाणी जुळलं. त्याने मम्माला तिथं बसवलं, जरा सरक म्हणाला, अजून जरा, आणि मग मागे मागे येत उभा राहिला. इथंच कुठं तरी ती उभी असणार, वीस-बावीस वर्षांची, पाद्रीबाबांचा कॅमेरा पोटाशी धरून. तो आता तिच्या जागी होता आणि ती पप्पाच्या.

तो म्हणाला, "कुठंही बघ, मम्मा. मी काही बोलणार नाही."

तिने मान फिरवली. बराच वेळ काहीच झालं नाही. तिचा चेहरा नुसता शोधत होता. डोळे बारीक, कपाळाला आठ्या, ओठ निळसर. लिबोरियोच्या मनात आलं, गेलं, सगळं गेलं, आता ही म्हणणार नको, घरी चला, आणि पुढचा उन्हाळा हिच्याशिवाय यायचा. त्याने तरीही कॅमेरा खाली केला नाही.

आणि मम्मा हसली. आधी एका कोपऱ्यातून, मग सगळ्या तोंडाने, मागच्या पडलेल्या दाताची खिंड दिसेल इतकी. लिबोरियोने बटण दाबलं. मग तोही वळला, सांतिना वळली, अल्फियो वळला. तिघं जण तिकडे बघत उभे राहिले. पिवळं गवत होतं. एक वळणाचा रस्ता होता. घायपाताचा एक उंच दांडा वाकून पडला होता. लांब कुठं तरी कुत्रं भुंकत होतं, पण दिसत नव्हतं.

"काय होतं?" अल्फियोने विचारलं.

मम्मा कॅमेरा बघायला उठून आली. फोटोत ती म्हातारी होती, सगळ्या सुरकुत्यांसकट, आणि डावीकडे बघून हसत होती. पप्पाच्या उजवीकडच्या जागेत हा बसवला की ती त्याच्याकडे बघतेय असं दिसणार. आणि दोघंही एकाच गोष्टीला हसतायत असंही दिसणार. लिबोरियोने तबकडी कॅमेऱ्याशेजारी धरली. पंचवीस-सव्वीस वर्षांचा नवरा आणि सत्तरी ओलांडलेली बायको. कुणालाही ती त्याची आई वाटली असती, हसू सोडून.

"हा चालेल," मम्मा म्हणाली.

सांतिना तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मम्मा, खरं सांग. तिथं काहीतरी दिसलं तुला, की आमच्यासाठी हसलीस?"

लिबोरियोही तेच स्वतःला विचारत होता. तीस वर्षं लोकांना खोटं हसवून जगणारा माणूस तो. खोटं हसू त्याला लांबून ओळखू यायचं. ह्या हसण्याचं मात्र त्याला काही केल्या कळत नव्हतं.

मम्माने त्याच्या हातातून तबकडी घेतली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. "सांगते," ती म्हणाली. "ऑपरेशन झाल्यावर सांगते."

"आत्ता सांग," लिबोरियो म्हणाला. "पप्पाही असंच म्हणाला होता. आत्ताच सांग."

"त्याला घरी आणायला कुणी नव्हतं, त्या उतारावर तो एकटाच गाडी चालवत होता," मम्मा म्हणाली. "तुम्ही तिघं आहात. ऐकायचं असेल तर मला दवाखान्यातनं घरी आणा."

तिने सांतिनाचा हात धरला आणि दोघी उतार उतरायला लागल्या.